टेनेसीतली चार बाळं आणि न दिलेलं एक इंजेक्शन

२०१३ सालच्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयात चार तान्ही बाळं एकामागून एक दाखल झाली. वयं सहा ते पंधरा आठवडे. तिघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, चौथ्याच्या आतड्यांतून रक्त जात होतं. तपासात एक गोष्ट चौघांच्याही बाबतीत सारखी निघाली. जन्मल्याबरोबर मांडीत देतात ते व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन त्यांना मिळालेलं नव्हतं. रुग्णालय द्यायला विसरलं, असंही नव्हतं. आईवडिलांनीच नको म्हणून सांगितलं होतं.

व्हिटॅमिन 'के'च्या कमतरतेने होणाऱ्या अशा रक्तस्रावाचा एक रुग्ण दिसला तरी अमेरिकेतले डॉक्टर चमकतात. आठ महिन्यांत एकाच शहरात चार म्हटल्यावर राज्याचा आरोग्य विभाग आणि देशाची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी मिळून चौकशी केली. राज्यातल्या आधीच्या काही वर्षांच्या नोंदी चाळल्या, तर त्यांत असा रुग्ण सापडला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सीडीसीने या चौकशीचं छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. पानं जेमतेम दोन, पण नवजात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव का होतो, हा प्रश्न समजावून सांगायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. अशा रक्तस्रावाची कारणं बरीच आहेत आणि पुष्कळदा शेवटपर्यंत कारण हाती लागत नाही. इथे ते लागलं, आणि ते टाळता येण्याजोगं होतं.

लहान बाळाला 'स्ट्रोक' कसा होईल?

हा प्रश्न आईवडील विचारतातच. ब्रेन हॅमरेज हा साठीनंतरचा, रक्तदाबाचा आजार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जन्माच्या आसपासचे दिवस हा आयुष्यातला स्ट्रोकच्या दृष्टीने मोठ्या जोखमीचा काळ असतो. त्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होण्याचे प्रकार अधिक आणि रक्तस्रावाचे कमी. उत्तर कॅलिफोर्नियात एका आरोग्यसंस्थेत झालेल्या तीन लाख २३ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासात रक्तस्रावी स्ट्रोकची २० बाळं सापडली. म्हणजे दर लाख जन्मांमागे सहाच्या आसपास. त्यांतल्या चौघांच्या प्लेटलेट्स कमी होत्या, एकाच्या मेंदूत रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृत गाठ होती, आणि उरलेल्या १५ बाळांत, म्हणजे तब्बल तीन चतुर्थांशांत, कारण मिळालंच नाही. पोटात असताना किंवा कळांच्या वेळी बाळाला त्रास झाला होता आणि दिवस उलटून गेले होते, या दोन गोष्टी मात्र अशा बाळांमध्ये जास्त दिसल्या.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट यात धरलेली नाही. बत्तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत पोकळ्यांच्या कडेला नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, तिथून होणारा रक्तस्राव हा वेगळा विषय आहे. त्याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. नॅशव्हिलच्या बाळांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मोठ्या माणसाला पक्षाघात झाला की तोंड वाकडं होतं, जीभ जड होते, हातातली वस्तू गळून पडते. घरच्यांना लगेच कळतं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत यातलं काहीच दिसत नाही. बाळ दूध ओढेनासं होतं. मलूल पडतं, हलवलं तरी डोळे नीट उघडत नाही. उलट्या करतं. कधी एरवीच्या रडण्यापेक्षा वेगळं, चिरक्या आवाजात रडत राहतं. पांढरंफटक पडतं, श्वास मध्येच थांबतो. आकडीसुद्धा ओळखू येईल अशी नसते. एकच हात किंवा एकच पाय लयीत उडत राहतो, डोळे एका बाजूला लागून राहतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, दोन्ही पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात. घरात सगळ्यांना वाटतं, बाळ खेळतंय.

टाळू फुगणं हे त्यातल्या त्यात हाताला लागणारं लक्षण. आपल्याकडे रोज तेल लावून टाळू भरायची पद्धत आहे. टाळूची जागा कशी लागते, हे आजीच्या किंवा मालिशवाल्या बाईंच्या बोटांना आईपेक्षाही आधी माहीत असतं. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असतानाही टाळू ताणलेली आणि वर आलेली लागली, तर त्या हाताचं म्हणणं मी फार गांभीर्याने घेईन.

आणखी एक गोष्ट. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं सांधलेली नसतात, त्यामुळे डोक्यात रक्त साठत गेलं तर डोकं थोडं ताणून जागा करून देतं. म्हणून काही काळ बाळ बरंच सहन करतं आणि मग एकदम ढासळतं. एवढ्याशा देहातलं बरंच रक्त तोवर डोक्यात साठलेलं असतं. पांढरेपणा येतो तो त्यामुळे.

कारणांचा माग कसा काढतात

अशा बाळाचं सीटी स्कॅन झालं आणि रक्त दिसलं की पहिला प्रश्न: वाहिनीत दोष, की रक्तात दोष, की मार लागला?

जन्माच्या वेळचा मार सगळ्यांना आधी सुचतो. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेलं बाळंतपण, लांबलेल्या कळा, मोठं डोकं. पण इथे घाई करू नये. सुरळीत, नैसर्गिक प्रसूतीनंतरही अनेक निरोगी बाळांच्या मेंदूच्या आवरणाखाली थोडंसं रक्त एमआरआयवर दिसतं, त्यांना काहीही त्रास नसतो आणि काही आठवड्यांत ते आपोआप जिरतं. त्यामुळे बाळंतपण अवघड होतं एवढ्यावर मोठ्या रक्तस्रावाचं खापर फोडून तपास थांबवणं चुकीचं. नॅशव्हिलच्या बाळांच्या बाबतीत तर जन्म होऊन कित्येक आठवडे लोटले होते.

रक्तवाहिनीचा जन्मजात दोष शोधायचा, तर एमआरआयसोबत वाहिन्यांचं चित्रण लागतं. धमनी आणि नीला यांची भलतीच जोडणी, फुगलेली वाहिनी, वाहिन्यांच्या भिंतीला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचा आनुवंशिक दोष, असे प्रकार त्यात सापडतात. नीलेत गुठळी होऊन मागे रक्त तुंबतं आणि मग फुटून बाहेर येतं, हाही एक मार्ग आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या पोकळीत आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागात एकदम रक्त दिसलं, तर या गुठळीचा संशय घ्यायलाच हवा. त्याचा उपचार रक्त पातळ करण्याचा असू शकतो. म्हणजे इतर कारणांच्या नेमका उलटा. चुकीचं कारण धरून चालणं इतकं महाग पडतं.

रक्तातला दोष मात्र साध्या तपासण्यांतून बराचसा कळतो, आणि त्या तालुक्याच्या ठिकाणीही करता येतात. प्लेटलेट्स, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन तपासण्या) आणि फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन). प्लेटलेट्स फार कमी आणि बाळ एरवी चांगलं, आईच्या प्लेटलेट्स व्यवस्थित: मग आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी बाळाच्या प्लेटलेट्स नष्ट केल्या असण्याची शक्यता. या प्रकारात बाळ पोटात असतानाच मेंदूत रक्त येऊ शकतं, आणि पुढच्या गर्भारपणात त्याचा धोका आधी ओळखून उपचार करता येतात, म्हणून हे निदान सुटता कामा नये. पीटी बरोबर आणि एपीटीटी लांबलेली: मुलगा असेल तर हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराचा विचार. चारही बिघडलेल्या आणि फायब्रिनोजेन तळाला गेलेलं: जंतुसंसर्गाने रक्त गोठण्याची घडीच विस्कटलेली. चारही अगदी बरोबर, तरी मेंदूत रक्त आणि नाळ पडतानाही भळाभळा रक्त गेलेलं, आईवडील एकमेकांच्या नात्यातले: रक्त गोठवणारा तेरावा घटक कमी असण्याची शंका. ती नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी मुद्दाम मागावी लागते. मामेबहिणीशी लग्न हे आपल्या भागात जुनं आहे, म्हणून हा प्रकार इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात हवा.

आणि मग नॅशव्हिलचं चित्र. पीटी कमालीची लांबलेली. सीडीसीने प्रकरण पक्कं धरण्यासाठी लावलेली कसोटीच अशी होती की पीटी प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या चौपट किंवा त्याहून जास्त हवी, आणि व्हिटॅमिन 'के' दिल्यावर ती सुधारायला हवी. सहसा अशा बाळाच्या प्लेटलेट्स बरोबर असतात, फायब्रिनोजेन बरोबर असतं, आणि शिरेतून सावकाश व्हिटॅमिन 'के' दिल्यावर काही तासांतच पीटी खाली यायला लागते. इतर कुठल्याही दोषात हे असं होत नाही. यकृतच बिघडलेलं असेल तर व्हिटॅमिन देऊनही पीटी पुरती सुधारत नाही. म्हणजे औषधाला मिळालेला प्रतिसाद हाच निदानाचा पुरावा ठरतो. रक्ताचा नमुना मात्र औषधाआधी घेतलेला हवा. रिपोर्ट यायची वाट पाहत औषध रोखून धरायचं नाही, आणि रक्त वाहत असलेल्या बाळाला ते स्नायूत टोचायचं नाही. जीव धोक्यात असेल तर सोबत प्लाझ्मा किंवा गोठवणाऱ्या घटकांचं तयार मिश्रण द्यावं लागतं, कारण व्हिटॅमिनला काम करायला काही वेळ लागतो आणि मेंदू तेवढा वेळ देत नाही.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. दोन-तीन महिन्यांचं बाळ, मेंदूच्या आवरणाखाली रक्त, बाहेर जखम नाही. जगभर कुठल्याही आपत्कालीन विभागात अशा वेळी कुणीतरी बाळाला जोरात हलवलं किंवा आपटलं असावं, हा संशय येतो. तो येणं बाळाच्या हिताचंच आहे. पण पीटी न करता तो संशय आईवडिलांवर लादला, तर ज्या घरात बाळ मरणाच्या दारात आहे त्याच घरावर पोलिसांची चौकशी येते. पीटीची तपासणी अगदी थोड्या पैशांची आहे. ती पहिल्या तासातच व्हायला हवी.

बाळाच्या अंगात 'के' का नसतं

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार यकृतात तयार होतात, पण तयार झाल्यावर त्यांच्यावर एक शेवटची रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते. त्या प्रक्रियेनंतरच ते कॅल्शियमच्या मदतीने जखमेच्या जागी चिकटू शकतात. ही प्रक्रिया व्हिटॅमिन 'के' शिवाय होत नाही. 'के' नसेल तर घटक रक्तात असतात, पण निकामी.

मोठ्या माणसाला हे व्हिटॅमिन पालेभाज्यांतून मिळतं आणि आतड्यातले जंतूही थोडं तयार करतात. बाळाला पोटात असताना आईकडून फार थोडं मिळतं, कारण ते वारेतून पलीकडे सहज जात नाही. आईच्या रक्तातलं आणि नाळेतलं प्रमाण यांत साधारण तीसपटीचं अंतर असतं. जन्मल्यावर आतड्यात जंतू नसतात. आणि आईच्या दुधात ते अगदी कमी असतं, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम. डब्याच्या दुधात ते वरून घातलेलं असतं, म्हणून ते पिणाऱ्या बाळांना हा आजार सहसा होत नाही.

यावरून आईच्या दुधाला कमी लेखणारा निष्कर्ष कुणी काढू नये. आईचं दूध बाळासाठी सर्वांत चांगलं आहे, यात तिळमात्र शंका नाही. त्यात ही एक उणीव आहे आणि एका इंजेक्शनने ती भरून निघते. निव्वळ अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाळाला हे इंजेक्शन सर्वांत जास्त गरजेचं असतं, आणि नेमक्या याच आयांमध्ये, सगळं नैसर्गिक हवं अशा इच्छेने, ते नाकारण्याचं प्रमाण जास्त असतं.

आजाराचे तीन काळ मानतात. पहिल्या २४ तासांतला प्रकार बहुधा आईने घेतलेल्या औषधांमुळे होतो: फिट्सची काही औषधं, क्षयरोगावरची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन. दुसरा पहिल्या आठवड्यातला, त्यात नाळेतून, आतड्यातून किंवा सुंता झाली असेल तर तिथून रक्त येतं. बोस्टनच्या चार्ल्स टाउनसेंडने १८९४ मध्ये ५० बाळांचं वर्णन करून याला नवजात बाळांचा रक्तस्रावी आजार म्हटलं, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायला कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना चरबी नसलेला आहार खाणारी कोंबडीची पिल्लं रक्तस्रावाने मरताना दिसावी लागली. डाम आणि अमेरिकेतले एडवर्ड डॉइझी यांना या व्हिटॅमिनसाठी १९४३ चं नोबेल मिळालं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६१ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला ते द्यावं, अशी शिफारस केली.

तिसरा काळ नॅशव्हिलचा. दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत. बाळ घरी आलेलं असतं, वजन वाढत असतं, बारसं होऊन गेलेलं असतं, हसायला लागलेलं असतं. या उशिराच्या प्रकारात निम्म्याच्या आसपास बाळांचा पहिला रक्तस्राव थेट मेंदूतच होतो. आजाराने गाठलेल्या दर पाच बाळांपैकी एक दगावतं, असं सीडीसी सांगते. वाचलेल्यांत पुष्कळांना पुढे आकडी, हातापायातला कडकपणा, शिकण्यातल्या अडचणी राहतात.

कधीकधी आधी इशारा मिळतो. नाकातून थोडं रक्त, हिरडीतून थोडं, मांडीवर कुठेही न आपटता उठलेला निळा डाग, नाळ पडल्यावर थेंब थेंब गळत राहणं. आपल्याकडे बाराव्या दिवशी किंवा पुढे सोयीने कान टोचतात. त्या जागेतून रक्त थांबत नसेल, किंवा दीड महिन्याच्या लसीच्या जागेतून दाबूनही झिरपत राहिलं, तर हळद लावून घरी बसू नये. त्याच दिवशी पीटी करून घ्यावी.

आईवडील नाही का म्हणाले

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हा वाटतो. चौकशी करणाऱ्यांनी आईवडिलांना कारणं विचारली. कुणाला इंजेक्शनने रक्ताचा कर्करोग होईल अशी भीती होती. कुणाला ते गरजेचं वाटलं नाही. कुणाला बाळाच्या अंगात जन्मल्याबरोबर 'विषारी' काही जाऊ नये, असं वाटत होतं. आणि नकार देताना या आजाराबद्दल त्यांची माहिती एकतर अर्धवट होती किंवा मुळीच नव्हती.

कर्करोगाची भीती हवेतून आलेली नव्हती. १९९२ मध्ये ब्रिस्टलच्या जीन गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. कर्करोग झालेली १९५ मुलं आणि न झालेली ५५८ मुलं यांची तुलना करून, स्नायूत व्हिटॅमिन 'के' मिळालेल्यांत कर्करोग जवळपास दुप्पट दिसतो, असं त्यात म्हटलं होतं. असा निष्कर्ष आल्यावर तो छापणं आणि तपासणं हेच योग्य होतं, आणि तसं झालंही. स्वीडनमध्ये तेरा लाखांहून अधिक बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अमेरिकेत तपासल्या गेल्या. पुढे ब्रिटनमध्येच मुलांच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. संबंध सापडला नाही. पण भीती मागे राहिली. वीस वर्षांनी, टेनेसीत, जन्मालाही न आलेल्या बाळाची आई रात्री शोधत बसली की तिला ती जुनी भीती सापडत होती. त्या भीतीला खोडून काढणारे आकडेही छापलेले होते, पण ते शोधणाऱ्याच्या वाट्याला सहज येत नव्हते.

'विषारी'चं म्हणाल, तर काही इंजेक्शनांत टिकण्यासाठी बेंझिल अल्कोहोल घातलेलं असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऐंशीच्या दशकात त्याचे मोठे डोस, शिरेतून, वारंवार मिळाले तेव्हा अपाय झाला होता, हे खरं आहे. एका वेळच्या एवढ्याशा इंजेक्शनातलं प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही, आणि ते नसलेलं इंजेक्शनही मिळतं. अमेरिकेत या औषधाच्या कागदावर ठळक चौकटीत जिवावरच्या ॲलर्जीचा इशारा छापलेला असतो. तोही मुख्यतः शिरेतून दिलेल्या डोसांवरून आलेला आहे. पण ज्याच्या हातात फक्त तो कागद आहे, त्याला हे कुठून कळणार?

आकडे बघा. नॅशव्हिलच्या मोठ्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळांपैकी ३.४ टक्के बाळांना हे इंजेक्शन मिळालं नव्हतं. तिथल्या खासगी प्रसूतिकेंद्रांत हेच प्रमाण २८ टक्के होतं. एवढा फरक आईवडिलांच्या स्वभावातून येत नाही, तो विचारण्याच्या पद्धतीतून येतो, असं माझं ठाम मत आहे. तिथे प्रसूतीच्या वेळी कागद पुढे येतो. त्यावर डोळ्यांत घालायचं मलम, हिपॅटायटिस बीची लस आणि व्हिटॅमिन 'के' अशा तीन गोष्टी ओळीने असतात. तिन्ही सारख्याच वजनाच्या वाटतात. हवं की नको, एवढंच विचारलं तर माणूस नको म्हणतो. 'हे दिलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो झाला तर आधी कळणार नाही' एवढं वाक्य कुणी त्या खुर्चीत बसून बोललं असतं, तर या चारांतले किती जण नको म्हणाले असते? मी त्या आईवडिलांना दोष देत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही हाच कागद येतो. त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: या तीन गोष्टींचा निर्णय एकत्र करू नका, एकेकीबद्दल वेगळं विचारा.

दुसऱ्या बाजूने, डॉक्टरांनाही हा आजार विसरायला झाला होता. इंजेक्शन न दिलेल्या दर लाख बाळांमागे उशिराचा प्रकार साधारण चार ते सात जणांना होतो. पहिल्या आठवड्यातला रक्तस्राव त्यापेक्षा कितीतरी जास्त बाळांना होतो, शंभरात पाव ते पावणेदोन. इंजेक्शन न मिळालेल्या बाळाला उशिराच्या रक्तस्रावाचा धोका मिळालेल्याच्या ८१ पट असतो, असा अंदाज सीडीसीच्या टिपणात दिला आहे. पण पन्नास वर्षं सगळ्यांना इंजेक्शन मिळत राहिलं की एखादा डॉक्टर अख्ख्या कारकिर्दीत एकही रुग्ण बघत नाही. न पाहिलेल्या आजाराबद्दल तो कळकळीने बोलत नाही. समोरच्याला ते कळतं.

तोंडातून थेंब द्यायचा पर्याय काही युरोपीय देशांनी वापरला. त्याने धोका कमी होतो, पण सगळे डोस आठवणीने पडावे लागतात, आणि पित्ताचा मार्ग बंद असलेल्या बाळाच्या आतड्यात ते व्हिटॅमिन शोषलंच जात नाही. नेदरलँड्समध्ये रोज थेंब घेऊनही अशा बाळांना रक्तस्राव झाले. स्नायूतलं इंजेक्शन एकदाच द्यायचं असतं आणि ते अशा बाळालाही बऱ्याच अंशी वाचवतं.

टिपण लिहिलं गेलं तेव्हा चारही बाळं जिवंत होती. आतड्यातून रक्त गेलेलं बाळ पूर्ण बरं झालं. मेंदूत रक्तस्राव झालेली तिघं मेंदुविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होती आणि त्यातल्या एकाच्या हालचालींत स्पष्ट उणीव दिसत होती. पुढे त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांतल्या, व्हिटॅमिन 'के'ची कमतरता असलेल्या सात बाळांची माहिती छापली. सातांपैकी पाच जणांना रक्तस्राव झाला, चौघांच्या मेंदूत, आणि दोघांवर मेंदूची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली.

आपल्याकडे हेच प्रकरण कसं घडतं

महाराष्ट्रात हे इंजेक्शन मुद्दाम नाकारणारे आईवडील फार थोडे. इथे ते राहून जातं. केंद्र सरकारने २०१४ मध्ये रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला व्हिटॅमिन 'के' द्यावं, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. एक किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या बाळाला एक मिलिग्रॅम, त्याहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. सूचना चांगली आहे. फटी तिच्या आजूबाजूला आहेत. घरी किंवा रुग्णवाहिकेतच बाळंतपण झालेलं बाळ. रडलं नाही म्हणून जन्मल्याबरोबर दुसऱ्या रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलेलं बाळ, जिथे पाठवणाऱ्यांना वाटतं तिकडे देतील आणि घेणाऱ्यांना वाटतं तिकडून देऊन आलं असेल. क्षयरोगाची किंवा फिट्सची औषधं घेणारी आई, जिची ही गोष्ट प्रसूतिगृहातल्या कागदावर लिहिलेलीच नाही. अंगावर पिणारं बाळ, ज्याला जुलाब आणि लांबलेले अँटिबायोटिक्स एकदमच वाट्याला आले.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर व्हिटॅमिन 'के' दिल्याची तारीख आणि डोस लिहिलेला आहे का, हे बाळ घरी नेताना बघून घ्या. नसेल तर तिथल्या तिथे विचारा. दीड महिन्याच्या लसीच्या वेळी लक्षात आलं तरी उशीर झाला असं समजू नका. डॉक्टरांना सांगा, डोस तेव्हाही देता येतो.

आणि कावीळ. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही उतरली नसेल आणि शी पांढुरकी, भिजवलेल्या पिठासारखी होत असेल, तर पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. अशा बाळाच्या आतड्यात 'के' शोषलं जात नाही, आणि जन्मताच दिलेला साठा संपत आला की मेंदूत रक्तस्राव हेच पहिलं लक्षण ठरू शकतं. कोवळं ऊन दाखवत आठवडे घालवू नयेत. बिलिरुबिनची (काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची) दोन भागांत तपासणी, पीटी आणि व्हिटॅमिन 'के'चा डोस, हे तिन्ही त्याच भेटीत व्हावं. पित्तमार्गाची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.